चौथ्या भागाचा नवस

एका जंगलात द्वारकाबाई नावाची एक सायाळ राहत होती. ती एकदा एक नवस बोलली होती, त्याची ही गोष्ट. बाळांनो, नीट मांडी घालून बसा. हातातला लाडू आधी संपवा, नाहीतर अर्धं लक्ष लाडवात राहतं.

द्वारकाबाईचं बीळ करवंदीच्या जाळीखाली होतं. दारात रोज रांगोळी, आत शेणाने सारवलेली जमीन. घरात दोघीच. ती आणि तिची लेक शेवंती.

शेवंती गुणाची होती. फक्त तिच्या डाव्या कानामागे एक काटा होता. बाकीचे काटे शहाण्यासारखे पाठीवर पडून राहत, हा एकटा सदा उभा. तेल लावा, पाणी लावा, दाबून बसवा, जरा वेळाने पुन्हा उभा. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनीही विचारलं होतं, "हा असाच राहतो का?"

तरी लग्न ठरलं. स्थळ डोंगरापलीकडचं, मुहूर्त वैशाखातला.

एका दुपारी द्वारकाबाई लेकीला तेल लावत बसली होती. शेवंती म्हणाली, "आई, माझे बाबा दिसायला कसे होते?"

"चांगले होते."

"चांगले म्हणजे कसे?"

द्वारकाबाईने तेलाची वाटी खाली ठेवली. तिला सांगता येईना. अठरा वर्षं झाली होती. त्यांच्या पावलांचा आवाज तिला आठवत होता. जेवताना ते पहिला घास बाजूला काढून ठेवत, तेही आठवत होतं. पण डोळे मिटून चेहरा आठवायला गेलं, की तो हलत्या पाण्यातल्यासारखा यायचा आणि मोडायचा. हे काही लेकीला सांगण्यासारखं नव्हतं.

"एखादा फोटोसुद्धा नाही?"

"नाही गं."

आता गंमत बघा. शेवंतीच्या बाबांचं कामच मुळी फोटोंचं होतं. (त्यांचं नाव आपण मागाहून घेऊ. द्वारकाबाई नवऱ्याचं नाव घेत नसे. ती घेत नाही तोवर आपणही घेऊ नये.)

त्या काळी जंगलात टीव्ही नवा होता. अरण्यवाहिनीवर दर रविवारी सकाळी फोटोग्राफीवरचा एक माहितीपट लागायचा. नाव 'उजेड धरताना', एकूण भाग तेरा. तो करायचे विनायकपंत बगळे. फोटो काढणाऱ्याचा हात हलता कामा नये म्हणतात. पंतांचा हात सोडा, पायही हलत नसे. एका पायावर तासन्‌तास उभे. खोक्याला भोक पाडून कॅमेरा कसा करावा, अंधाऱ्या खोलीत पाण्यातून चित्र कसं वर येतं, सगळं ते समजावून सांगत.

शेवंतीचे बाबा पंतांच्या हाताखाली होते. चकचकीत चंदेरी पत्रा धरून ते समोरच्याच्या तोंडावर उजेड टाकायचे. सगळ्या जंगलाची तोंडं त्यांनी उजळली, आणि स्वतः राहिले पत्र्यामागे. पण एक दिवस घरी येऊन लाजत म्हणाले होते, "पंतांनी चौथ्या भागात मला पुढे ओढलंय."

चौथा भाग लागण्याआधी तीन दिवस नाल्याला पूर आला, आणि ते गेले.

भाग लागला तेव्हा द्वारकाबाई सुतकात होती, शेवंती पोटात होती. अख्ख्या जंगलाने तो भाग पाहिला. दोघींनी तेवढा नाही पाहिला.

तर तेलाची वाटी तशीच ठेवून द्वारकाबाई उठली आणि वडाखालच्या वनदेवीसमोर जाऊन उभी राहिली. नवस करण्यात तिचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं. सोमवार, शुक्रवार, संकष्टी, काही सुटत नसे.

ती म्हणाली, "आई, शेवंती सासरी जायच्या आत तो चौथा भाग तिला एकदा दिसू दे. तेरा घरी त्याच्या प्रती नेऊन देईन. तोवर मी रताळं सोडलं."

रताळं म्हणजे तिचा जीव की प्राण. शिवाय उपासाला तेच चाले. ते सोडल्यावर उपासाच्या दिवशी नुसता उपासच उरला.

दुसऱ्या दिवशी ती संग्रहालयात गेली. जुनं सगळं तिथे ठेवलेलं असायचं. तिथले संग्रहपाल भालोजी अस्वल, कपाळाला गंध, गळ्यात किल्ल्या.

"तेराही भाग आहेत," भालोजी म्हणाले. "एक इकडचा तिकडे झालेला नाही."

द्वारकाबाईचे काटे आनंदाने सळसळले. "बघायला मिळेल?"

"बघायला?" भालोजी दचकले. "बाई, ही ठेव आहे. बघून बघून झिजते."

"आजवर कुणी बघितलीय?"

"एकानेही नाही. म्हणून तर टिकली."

पण भालोजी मनाने वाईट नव्हते. त्यांनी परवानगीचा अर्ज काढला. "भागात दिसणाऱ्या व्यक्तीचं नाव?"

"शेवंतीचे बाबा."

"तुमचं नातं?"

"मी शेवंतीची आई."

"ओळखीचा पुरावा?"

"शेवंती," द्वारकाबाई म्हणाली. दुसरं होतं काय तिच्याजवळ?

अर्ज सिंहाच्या दरबारात गेला. माघ गेला, फाल्गुन आला. होळीला रताळी भाजली गेली, तेव्हा द्वारकाबाई वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. शेवटी परवानगी आली.

भालोजींनी सोवळ्याने कपाट उघडलं. आत लाल वस्त्रात गुंडाळलेलं गाठोडं होतं. पुढे समई. हळदीकुंकवाचे थर. ते म्हणाले, "अठरा वर्षांत पूजा चुकवली नाही. दसऱ्याला झेंडू, आणि रोज मधाचा नैवेद्य."

वस्त्र सोडलं. आत तेरा कॅसेटी नव्हत्या. आत एक ढेप होती. अठरा वर्षांचा मध झिरपून झिरपून सगळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि मधोमध मुंग्यांनी चांगलं तीन मजली घर बांधलं होतं.

भालोजी मटकन खाली बसले. तोंडावर पंजे धरून रडायला लागले. रडायचं खरं तर द्वारकाबाईने, पण समोरचं रडायला लागलं की आपण थांबायचं, ही तिची जुनी सवय. ती म्हणाली, "नका हो मनाला लावून घेऊ. तुमचा भाव चांगला होता. मध तेवढा पातळ होता."

मग कुणीतरी सांगितलं, वानरांचा फोनवर एक समूह आहे, 'आपलं जंगल, आपल्या आठवणी' म्हणून, तिथे विचार. शेवंतीने आईच्या वतीने विचारलं. संध्याकाळपर्यंत दोनशे जणांनी हात जोडले. साठ जणांनी सूर्योदयाची चित्रं पाठवली. एकाने लिहिलं, 'ते दिवस गेले.' एकाने लिहिलं, 'माझ्याकडे आहे, पाठवतो', आणि पाठवली आंब्याच्या लोणच्याची कृती. कृती चांगली होती. द्वारकाबाईने त्या वर्षी तेच लोणचं घातलं.

नंतर कळलं की मोराकडे काही भाग आहेत. त्याने तेव्हा घरी ध्वनिमुद्रणासकट सगळं उतरवून घेतलं होतं. त्याच्याकडे व्हीसीआरही होता, चालता. द्वारकाबाई धावत गेली.

"सगळे तेरा उतरवले होते," मोर म्हणाला. "मग जागा पुरेना. म्हटलं, कामाचं तेवढं ठेवावं."

"कामाचं म्हणजे?"

"मी आहे तेवढं."

त्याने कॅसेट लावली. दुसऱ्या भागातले अकरा सेकंद. मोर वळतो, पिसारा उघडतो, संपलं. पुन्हा मोर वळतो. अशी अख्खी कॅसेट भरलेली.

द्वारकाबाई उठणार, एवढ्यात तिला काहीतरी दिसलं. पिसारा उघडताना त्यावरून उजेडाचा एक पट्टा डावीकडून उजवीकडे सरकत होता, हळू, जपून, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसा.

"पुन्हा लावा हो," ती म्हणाली.

मोराने खुशीने पुन्हा लावलं. नंतर आणखी चार वेळा लावलं. त्याला वाटलं, बाईला पिसाऱ्याची पारख आहे. द्वारकाबाई पिसारा बघतच नव्हती. तो उजेड तिच्या घरचा होता.

पण उजेड दाखवून लेकीला चेहरा कसा कळणार? चैत्र लागला होता. तिने शेवटी तळ्याकाठचं घर गाठलं. विनायकपंत कधीच वारले होते. त्यांची बायको, म्हाळसाकाकू बगळीण, उन्हात पंख वाळवत बसली होती.

"कॅसेटी?" काकू म्हणाली. "अगं, मीच वाटल्या. यांना कार्यक्रम चालू असताना शिंक येऊ नये म्हणून मी नवस केला होता. तेरा भाग एकही शिंक न येता पार पडले. मग उद्यापनाला तेरा सवाष्णी बोलावल्या. एकेकीच्या ओटीत हिरवा खण, बेलफळ आणि एकेक कॅसेट. आपल्याकडे नारळ कुठून आणायचा, म्हणून बेलफळ."

"चौथा भाग कुणाला गेला?"

"मंजुळा सशिणीला. तिला किडकं बेलफळ गेलं होतं, अजून ऐकवते मला."  मान पंखात घालून काकू म्हणाली, "तुझ्या माणसाचा भाग, आणि दारावरून पुढे गेला. माझ्या तेव्हा ध्यानात नाही आलं बघ."

द्वारकाबाई मंजुळाकडे गेली.

"आली होती ना," मंजुळा सशीण म्हणाली. "आमच्याकडे कुठला व्हीसीआर? मी हरिणीच्या डोहाळजेवणात तिच्या ओटीत घातली. खणासकट."

हरिणीने ती लांडोरीला दिली होती, मंगळागौरीला. लांडोर तर मोराचीच बायको. घरात व्हीसीआर, आणि हातात चौथा भाग.

"बघितली नाही लावून?" द्वारकाबाईने विचारलं.

"ओटीतलं कोण उघडून बघतं?" लांडोर म्हणाली. "चांगली घडी होती खणाची. मी अस्वलीणबाईंना दिली."

म्हणजे बघा, बाळांनो. भालोजी संग्रहालयात ढेपेला ओवाळत होते, तेव्हा खरा चौथा भाग दोन वर्षं त्यांच्याच घरच्या कपाटात, मसाल्याच्या डब्यामागे पडला होता. तिथून तो वानरिणीकडे गेला.

वानरीण शेंगा सोलत होती. "या चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी बायजाला दिली. बायजा रानडुकरीण गं, खालच्या चिखलातली."

द्वारकाबाईच्या मनात कितीतरी दिवस एक विचार घुटमळत होता. तो आता तोंडावर आला.

"अगं, अठरा वर्षं ही जंगलात घरोघर फिरली. प्रत्येकीकडे राहून आली. मग माझ्याकडे कशी नाही आली?"

वानरिणीचा हात थांबला. ती शेंगेकडे बघत म्हणाली, "ओटी होती ना गं ती."

तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगते. ओटी भरतात ती सवाष्णीची, जिचा नवरा आहे तिची. हळदीकुंकवाच्या दिवशी ताटं घेतलेल्या बायका करवंदीच्या जाळीवरून जात, तेव्हा द्वारकाबाई दार लोटून आत बसायची. तिला कुणी आत बसवलं नव्हतं. बाहेर बोलावलंही नव्हतं.

"खरंच की," द्वारकाबाई म्हणाली. "ओटी होती." आणि तिने वानरिणीच्या थोड्या शेंगा सोलून दिल्या, कारण तिला एकदम उठता येईना.

बायजा रानडुकरीण म्हणजे सगळ्यांचा नावं ठेवायचा विषय. घरात पसारा, अंगणात चिखल, दिलेली वस्तू कुठे जाईल सांगता यायचं नाही. तिच्याकडे जाताना द्वारकाबाई मनाशी एकच विचारत होती. जी वस्तू एवढ्या नीटनेटक्या घरांतून आली, ती इथे टिकली असेल?

"कॅसेट?" बायजा म्हणाली. "काळी, चपटी? ती होय. थांब." तिने कोपऱ्यातला पाट उचलला. पाटाचा एक पाय तोकडा होता. त्याखाली कॅसेट सरकवलेली होती. "पाट डुगडुगायचा गं. हिने बरोब्बर बसला. एवढी कामाची वस्तू कुणी वापरली कशी नाही, देव जाणे."

कॅसेटीवर पंतांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: भाग चौथा, चेहऱ्यावरचा उजेड.

द्वारकाबाईने दोन्ही हात पुढे केले. बायजाने कॅसेट मागे घेतली.

"अशी नाही देणार. खण-बेलफळासकट आली, तशीच जाईल. बस पाटावर."

"बायजा, मला ओटी कशी चालेल?"

"कुणाला चालत नाही?"

"देवीला."

"देवी तुला तसं म्हणाली?"

द्वारकाबाई खोटं बोलत नसे. तिने मनात आठवून पाहिलं. देवीशी तिचं रोजचं बोलणं. पाऊस, शेवंतीचा खोकला, लग्नाचा खर्च, सगळं.

"नाही," ती म्हणाली. "या विषयावर ती कधी काही बोलली नाही."

"मग बस. माझा हात चिखलाचा आहे, तेवढं चालवून घे."

द्वारकाबाई बसली. खालची कॅसेट काढल्यामुळे पाट डुगडुगत होता. तिने पदर पसरला. बायजाने त्यात अठरा वर्षं फिरून विटलेला खण घातला, एक बेलफळ घातलं, मूठभर तांदूळ घातले आणि वर ती कॅसेट ठेवली. कुंकू लावताना कपाळावर चिखलाचं एक बोट उमटलं. द्वारकाबाईने ते पुसलं नाही.

मोराने व्हीसीआर दिला, पण आधी त्याचे अकरा सेकंद बघायच्या अटीवर. सगळं जंगल जमलं. सगळ्यांनी मोर पाहिला, बरं म्हटलं. मग चौथा भाग लागला.

आधी नुसत्या आडव्या रेघा. आवाज पाण्याखालून यावा तसा. मग एका पायावर पंत. पंत काहीबाही समजावत होते, आणि अचानक सगळा पडदा पांढराशुभ्र झाला.

"बिघडलं यंत्र," मोर म्हणाला.

"थांबा," द्वारकाबाई म्हणाली.

पांढरं हललं. तो चंदेरी पत्रा होता, चुकून कॅमेऱ्याकडे वळलेला. तो हळूहळू खाली आला. मागे एक तरुण सायाळ उभा होता. एका गालात रताळ्याचा घास, आणि अवघडून हसत होता.

पंतांचा आवाज आला. "हा आमचा धर्मा. माझ्या प्रत्येक फोटोत हा आहे, फक्त दिसत नाही."

त्याने हात वर नेला. डाव्या कानामागे एक काटा सरळ उभा होता. त्याने तो दाबून बसवला. काटा पुन्हा उभा राहिला. त्याने पुन्हा दाबला. तेवढ्यात चित्र बदललं.

 शेवंतीचा हात आपल्या कानामागे गेला होता. ती म्हणाली, "आई, लग्नात याला तेल लावून बसवू नकोस."

"नाही बसवत," द्वारकाबाई म्हणाली. मग तिने डोळे मिटून पाहिलं. चेहरा आला. मोडला नाही.

दारात भालोजी वही घेऊन उभे होते. "एक प्रत संग्रहालयाला हवी होती. मध ठेवणार नाही, वचन देतो. फक्त नावाची नोंद करायची आहे. भागात दिसणाऱ्या व्यक्तीचं नाव?"

"धर्मा," द्वारकाबाई म्हणाली. स्पष्ट, सगळ्यांदेखत. "रफार 'मा'वर येतो, नीट लिहा."

नवस फेडायचा राहिला होता. वैशाखात लग्न झालं, आणि लागलीच उद्यापन. वानरांनी तेरा प्रती काढून दिल्या. प्रत्येक प्रतीबरोबर ओटी. पहिली बायजाची. मग द्वारकाबाईने घरं निवडली. घुबडीण, जिचा नवरा गेल्या वर्षी गेला. कोल्हीण, जिला नवऱ्याने टाकलं. म्हातारी कासवीण, जिने लग्नच केलं नाही, आणि जी म्हणाली, "शंभर वर्षांत पहिल्यांदाच कुणी पाटावर बसवलं गं."

लांडोर कुजबुजली, देवीला रुचायचं नाही. द्वारकाबाईने वडाखाली जाऊन देवीला कौल लावला. फूल उजवीकडे पडलं, म्हणजे होकार. वारा होता हे खरं. पण वाराही देवीचाच.

घरी येऊन तिने दोन रताळी भाजली. पहिला घास बाजूला काढून ठेवला. मग पोटभर जेवली.

तात्पर्य: मोलाची वस्तू कधीही जपून ठेवू नये. जपणाऱ्याच्या हाती तर मुळीच देऊ नये, तो तिला ओवाळून ओवाळून संपवतो. हौशी माणसालाही देऊ नये, तो आपला तेवढा तुकडा ठेवतो. ती ओटीत घालून सोडून द्यावी. ओटीत आलेलं कुणी उघडत नाही, कुणी वापरत नाही, आणि टाकायची तर कुणाची छाती होत नाही.

तेव्हा बाळांनो, घरी गेलात की आईला कपाटाचा वरचा कप्पा बघायला सांगा. एखादा खण असेलच, आला तसाच घडी न मोडलेला. तो घ्या, आणि आजवर ज्या दारी गेला नाही, त्या दारी नेऊन द्या. पाट डुगडुगता असला तरी चालतो.